नवसाबाईंचा झोपाळा आणि उज्वलाचं मशीन

नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे, उज्वलाचं ब्युटी पार्लर आहे. खाली पार्लर, वर घर, त्याच्यावर गच्ची. आयब्रो, फेशियल, नवरीचा मेकअप ही कामं ती करतेच, पण तिचं नाव झालं ते मेंदीमुळे. लग्नसराईत दिंडोरीपासून सिन्नरपर्यंतच्या नवऱ्या तिच्याकडे हात पुढे करून बसतात. अशा बाईला वेल्डिंगचं वेड लागेल असं कुणाला सांगून पटलं नसतं. तिलाही पटलं नसतं.

सुरुवात झाली ती गच्चीवरच्या झोपाळ्यापासून. उज्वलाच्या सासूबाई, नवसाबाई, गावाकडून नाशकात राहायला आल्या तेव्हा त्यांची एकच अट होती. "मला बसायला झोका पायजे. खुर्चीत माझं मन लागत नाय." म्हणून शेखरनं, म्हणजे उज्वलाच्या नवऱ्यानं, गच्चीवरच लोखंडी पाइप जोडून झोपाळ्याचा भलामोठा स्टँड उभा करून घेतला होता. सकाळचा चहा, दुपारची भाजी निवडणं, गावाकडचे फोन, सगळं त्या झोपाळ्यावर चालायचं.

एका सकाळी नवसाबाई चहाचा कप हातात घेऊन टेकल्या आणि कडाड असा आवाज झाला. स्टँडच्या एका पायाचा जोड तुटला होता. झोपाळा एका अंगाला कलला, चहा लुगड्यावर सांडला. लागलं काही नाही, पण नवसाबाईंनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "शेखर! आईला मारतो का रं?"

त्या दिवसापासून वेल्डरची वाट बघणं सुरू झालं. चौकातला वेल्डर रोज "उद्या येतो" म्हणायचा. त्याचंही बरोबर होतं. एवढ्याशा जोडासाठी मशीन उचलून गच्चीवर कोण चढणार? नवसाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून घरातल्या प्रत्येकाकडे रागानं बघायच्या. शेवटी एका रात्री जेवताना उज्वला म्हणाली, "अहो, मीच शिकले तर?"

शेखर पोस्टात नोकरीला. घाबरट नाही, पण प्रत्येक गोष्टीचा आधी धोका बघणारा. तो म्हणाला, "काय, वेल्डिंग? डोळे जातील."

"काच लावतात डोळ्यांना. दिनेशभाऊजींना विचारते मी."

दिनेश म्हणजे शेखरचा धाकटा भाऊ. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप. खिडक्यांच्या जाळ्या, कपाटांचे सांगाडे, कंपन्यांची बारीकसारीक कामं तो करायचा. सोमवारी पार्लर बंद असतं. उज्वला सुती पंजाबी ड्रेस घालून, केस घट्ट बांधून, त्याच्या शेडमध्ये हजर झाली. दिनेशला आधी ती चेष्टाच वाटली. मग त्यानं तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, हातात चामड्याचे मोजे दिले आणि लोखंडाचा एक तुकडा पुढे ठेवला.

मशीनच्या पिस्तुलासारख्या तोंडातून बारीक तार आपोआप बाहेर येते, ती वितळते आणि जोड भरत जातो. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून त्याच तोंडातून सिलिंडरमधला गॅस सुटत राहतो. उज्वलाच्या पहिल्या रेघेत नुसत्या गुठळ्याच झाल्या. पण पाचसहा तुकडे वाया गेल्यावर तिला एक ओळखीची गोष्ट सापडली. मेंदीचा कोन धरतो तसंच हे. टोक कातडीपासून ठरावीक अंतरावर, दाब सारखा, वेग सारखा. हात घाबरला की रेघ घाबरते. तिनं श्वास रोखला आणि एक रेघ सरळ, सलग ओढली.

दिनेशनं हेल्मेट वर करून बघितलं. "वहिनी, हात तयारच आहे की तुमचा."

मग तिचे सगळे सोमवार अंबडला जायला लागले. लवकरच प्रश्न निघाला की घरासाठी मशीन कुठलं घ्यायचं. दिनेशचं मत पक्कं होतं. "गॅसचंच. काम स्वच्छ, धूर कमी, वर कचरा चिकटत नाही. पातळ पत्रासुद्धा नीट जोडला जातो."

अंबडमधल्या दुकानदारानं मात्र तिला दुसरंच दाखवलं. हातात उचलता येईल असं लहान मशीन. त्याच्या तारेच्या पोटात भुकटी भरलेली असते. ती जळली की तिचाच धूर जोडावर पांघरूण घालतो. सिलिंडर नको की नळी नको.

"ते फटाक्याचं मशीन आहे," दिनेश म्हणाला. "ठिणग्या, धूर, वरून काळी खपली. ठोकून काढत बसा."

उज्वलाला गॅसचं काम डोळ्यांनी आवडलं होतं. ती गुळगुळीत, चकचकीत रेघ तिच्या स्वभावाला धरून होती. शेखर म्हणाला, "पण तो सिलिंडर जिन्यातून वर कोण नेणार?" दिनेश म्हणाला, "मी नेतो. रविवारी आपलंच मशीन आणतो. झोपाळा दुरुस्त करू, मग ठरवा."

रविवारी दोघा भावांनी घामाघूम होत मशीन आणि सिलिंडर गच्चीवर चढवलं. स्टँड खाली नेणं शक्यच नव्हतं. तो गच्चीवरच जोडलेला, जिन्याच्या दारातून निघालाच नसता. हवा छान होती. पांडवलेण्यांच्या बाजूनं वारा सुटला होता आणि नवसाबाईंनी वाळत घातलेल्या लुगड्याचं शीड झालं होतं. उज्वलानं जोड घासून साफ केला, हेल्मेट ओढलं आणि काम सुरू केलं. पण वर्कशॉपमधला तो एकसारखा चर्र आवाज इथे येईना. मध्येच फटफट, मध्येच थुंकल्यासारखं. रेघेवर बारीक छिद्रं दिसली.

"वारा गॅस उडवतोय," दिनेश म्हणाला. शेखर आणि नवसाबाईंना त्यानं चादर धरून आडोसा करायला लावला. चादर फुगली, नवसाबाई चादरीबरोबर दोन पावलं सरकल्या. कसंबसं काम झालं. वरून आणखी एक थर दिला, तेव्हा जोड बरा दिसायला लागला.

"बसू का?" नवसाबाईंनी विचारलं.

"थांबा आई," उज्वला म्हणाली. "आधी कांदे बसतील."

चांदवडहून तिच्या भावानं, किशोरनं, पाठवलेल्या कांद्याच्या गोण्या जिन्याखाली होत्या. त्या वर आणून झोपाळ्यावर ठेवल्या. शेखरनं हळूच झोका दिला. एक, दोन, आणि तिसऱ्याला तोच पाय पुन्हा तुटला. गोणी फाटली आणि कांदे गच्चीभर पसरले. काही जिन्यावरून टणाटण उड्या मारत थेट पार्लरच्या दारापर्यंत गेले.

मग नवसाबाई म्हणाल्या, "बरं झालं, मी नव्हते त्याच्यावर. तुम्ही मला कांद्यावानी उधळलं असतं."

दिनेश तुटलेल्या जोडापाशी उकिडवा बसला. आतून सगळी जाळी पडली होती. "अनारशासारखं झालंय बघा वहिनी," तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवून म्हणाला, "माझी सगळी अक्कल शेडमधली. तिथं वारा येतो कुठे? उघड्यावर ते भुकटीचंच मशीन चालेल. घ्या तुम्ही ते."

उज्वलानं ते घेतलं. नवीन मशीन आलं त्या दिवशी तिला धीर धरवेना. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती गच्चीवर गेली आणि एका जुन्या पट्टीवर चालू केलं. बापरे! ठिणग्यांचा नुसता पाऊस. तार थुंकत होती, जोड धरतच नव्हता. सुती ओढणीला तीन भोकं पडली. तिचा चेहरा पडला. एवढा हट्ट करून हे आणलं आणि हे असं? तिनं दिनेशला फोन लावला.

"वहिनी, बाजूचं झाकण उघडा. आत दोन वायर दिसतात? त्यांची जागा बदला. ते मशीन गॅसवरही चालतं, दुकानदारानं त्याच हिशोबानं लावून दिलंय. या तारेला उलटं लागतं. आणि आधी प्लग काढा बरं का!"

तिनं प्लग काढला, वायरी बदलल्या, पुन्हा सुरू केलं. या वेळी तार शांत झाली. धूर झाला, वास आला, पण वारा वाहत असतानाही रेघ तुटली नाही. वर काळी खपली धरली. ती तिनं हातोडीनं ठोकून, तारेच्या ब्रशनं घासली, तेव्हा खालून करडी, खडबडीत पण भरीव रेघ निघाली. देखणी अजिबात नव्हती. उज्वला तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

रविवारी तिनं झोपाळ्याचा जोड पुन्हा घासून नव्यानं भरला. दिनेशनं सुचवल्याप्रमाणे बाजूनं जाड पट्टीचा आधारही दिला. कांदे दुसऱ्या दिवसापर्यंत झोपाळ्यावर बसून राहिले. मग शेखर बसला, कारण घरात सगळ्यात वजनदार तोच. मग दिनेश आणि शेखर दोघं बसले आणि लहानपणी बसायचे तसे झोके घेऊ लागले.

"उठा आता," नवसाबाई ओरडल्या. "माझा झोका हाय तो."

त्या बसल्या, पाय जमिनीला टेकवून एक झोका घेतला आणि जोडाकडे वाकून बघितलं. "दिसायला काय बरं नाय गं," त्या उज्वलाला म्हणाल्या, "पण आवाज नाय करत." थोड्या वेळानं आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. गच्चीच्या कोपऱ्यात वाळत घातलेल्या कुरडयांवर काळे ठिपके पडले होते. त्यावर जे बोलणं झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून वाळवणाच्या दिवसात मशीनला सुट्टी असते.

उज्वलाचा आत्मविश्वास मात्र जिना चढून वर गेला. कुंपणाची जाळी झाली, पाण्याच्या टाकीचा स्टँड झाला. मग तिनं पार्लरमधली सामानाची ट्रॉली घेतली. तिचा पाइप पातळ, नाजूक. तार टेकली आणि पाइपला अंगठा जाईल एवढं भोक पडलं. ते बुजवायला गेली तर शेजारी दुसरं पडलं. तिनं मुकाट्यानं ट्रॉली रिक्षात घातली आणि अंबड गाठलं.

दिनेश हसला नाही. त्यानं नुसता सिलिंडर उघडून दिला. "हे तुम्हीच करा. इथं वारा नाही." बंद शेडमध्ये, गॅसवर, अगदी लहान लहान टाके घालत तिनं दोन्ही भोकं बुजवली. वर रंग दिल्यावर कुठे जोडलंय ते शोधावं लागलं असतं. परत येताना तिच्या मनात आलं, की बरं झालं दोन्ही शिकले.

आता बातमी गल्लीत पसरली आहे. परवा पल्लवी नावाची मुलगी साखरपुड्याची मेंदी काढायला आली होती. हातावर मोर चालू असताना तिनं बिचकत विचारलं, "ताई, तुम्ही वेल्डिंग करता म्हणे? आमच्या फाटकाची कडी तुटलीये."

"फाटक उघड्यावर आहे का गं? आणि पत्रा जाड आहे की पातळ?"

"ते मला नाही कळत. फोटो आहे मोबाइलमध्ये. पण माझे हात..."

"हलू नकोस, कुठल्या खिशात आहे?" उज्वला म्हणाली, आणि मोराचा पिसारा अर्धाच ठेवून फाटकाचा फोटो मोठा करून बघू लागली.