स्कोलाने जोडलेली नळी

किटोंगा घाटाच्या पायथ्याला महेंगे आहे, आणि महेंगेला एक रीत आहे. ज्या फुंदीने ट्रकच्या डिझेलच्या नळीला हात लावला, त्याने त्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून घाटमाथ्यापर्यंत जायचं. फुंदी कितीही नावाजलेला मिस्त्री असो, सुटका नाही. काम कसं झालंय असं इथे कुणी ड्रायव्हर विचारत नाही. "बसताय ना?" एवढंच विचारतो. जो बसायला कां-कूं करतो, तो ज्या झाडाखाली काम करतो तिथे दुसऱ्या दिवसापासून ट्रक थांबत नाहीत.

स्कोला किहवेले सव्वीस वर्षं बसत आली होती. तिचा नवरा फुंदी होता, पण अंगाने एवढा आडवा की चेसिसखाली मावायचा नाही. तो बाहेर स्टुलावर बसून सांगायचा आणि ती खाली शिरून करायची. तो वारला तेव्हा लोक हळहळले, आता नळ्यांचं काम कोण करणार म्हणून. आठ दिवसांत त्यांना कळलं की काम पहिल्यापासून हिचंच होतं, त्याचं फक्त स्टूल होतं.

गेल्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. पायांचं दुखणं तिने सोसलं, पण नंतर बोटांची जाणीव जाऊ लागली. मक्याच्या पिठाच्या उगालीचा वाफाळता गोळा ती हाताने मोडायची आणि तो गरम आहे हे जिभेला लागल्यावर कळायचं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. बोटं गेली म्हणजे फुंदी गेला, हे तिला दुसऱ्याने शिकवायची गरज नव्हती. ती डोळ्यांनी बघून काम करायला लागली आणि जिथे डोळे पोचत नाहीत तिथे अंदाजाने.

त्या दुपारी अंबोकिलेचा ट्रक धापा टाकत तिच्या झाडाखाली आला. अठ्ठावीस टन सिमेंट, मुक्काम म्बेया. अंबोकिले तिशीतला, तुकुयूकडचा, हळू बोलणारा.

"आई, चढाला दम सोडतोय. फिल्टर चोंदलाय बहुतेक. नवा आणलाय मी."

फिल्टर पुढच्या चाकामागे चेसिसला होता. टाकीकडून येणारी नळी त्याला प्लॅस्टिकच्या कनेक्टरने जोडलेली. त्या कनेक्टरला दोन बाजूंना दोन कळा असतात. दोन्ही एकदम दाबायच्या, नळी जराशी आत ढकलायची आणि मग ओढायची. स्कोलाने हे हजार वेळा केलं होतं. आज मागची कळ दिसत नव्हती. तिने अंदाजाने दाबली, दबली असं समजून ओढलं, आणि कनेक्टरची मान काडकन मोडली. कळ दबलीच नव्हती.

"तुटला?" अंबोकिलेने वाकून विचारलं.

"प्लॅस्टिक आहे रे. उन्हाने पापड होतो त्याचा. हात लावला की मोडतो."

खोटं इतकं सहज आलं की तिलाच कसंतरी झालं. अंबोकिले तिच्या बोटांकडे बघत होता. मग त्याने मान खाली घातली.

"होय आई. ऊन फार आहे यंदा."

नवा कनेक्टर इरिंगाला मिळाला असता, आणि इरिंगा घाटाच्या पलीकडे. तेव्हा जोड इथेच बनवणं आलं. स्कोलाने मोडका तुकडा ब्लेडने सरळ कापला. डब्यातून पितळेची बोटभर नळी काढली, जिच्या अंगाला वळ्या होत्या. एका बाजूला डिझेलचा जाड रबरी होज चढवून तो फिल्टरच्या तोंडावर क्लिपने आवळला. दुसऱ्या बाजूला टाकीकडची प्लॅस्टिकची नळी उकळत्या पाण्यात मऊ करून वळ्यांवर चढवली. अशी नळी थंड होताना आकसते आणि पितळेला जी धरते ती सोडत नाही. पण थंड व्हायला वेळ द्यावा लागतो.

"याला हात लावायचा नाही. मी दोन घास खाऊन येते, तोवर गार होईल. आणि जोड उघडाच राहू दे. ओला झाला तर दिसला पाहिजे."

ती खाऊन आली. हाताच्या पंपाने डिझेल खेचलं, इंजिन सुरू केलं, कान लावून ऐकलं. आवाज स्वच्छ होता. वाकून पुन्हा जोड बघायचा तिचा नेम होता, पण गुडघे दुखत होते आणि आवाज चांगला होता. ती केबिनमध्ये चढून बसली.

किटोंगाला भरलेला ट्रक माणसाच्या चालीने चढतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दर वळणाला खाली कुणाचं तरी गंजलेलं लोखंड. पहिली वळणं ठीक गेली. अर्धा घाट संपला असेल नसेल, इंजिनाने एक ठोका गाळला.

स्कोला ताठ झाली. "नळीने हवा धरली."

"नाही हो, गिअरचा असेल."

"गिअर मला शिकवू नकोस."

दुसरा ठोका गाळला, मग तिसरा, आणि इंजिन आचके देत बंद पडलं. अंबोकिलेने ब्रेक दाबून धरला. अठ्ठावीस टन हातभर मागे सरकले आणि थांबले. मागून येणारी बस वीसेक पावलांवर करकचून उभी राहिली. बसच्या मागे ट्रकांची रांग होती, त्यामुळे बसला मागे सरायला जागा नव्हती.

"हँडब्रेक?" स्कोलाने विचारलं.

अंबोकिलेचा चेहरा उतरला होता. "नावाला आहे. मालकाने स्प्रिंगा बोल्टने बांधून टाकल्यात. हवा आहे तोवर ब्रेक आहे, आणि इंजिन बंद असलं की हवा भरत नाही."

या रस्त्यावरचे निम्मे मालक हेच करतात, दुरुस्तीला लागतं ते वाचवतात आणि माणसं घालवतात. स्कोलाने मनातल्या मनात मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"हवेचा काटा कितीवर?"

"आठ."

"मोठ्याने सांगत राहा. आणि पाय उचललास तर वर गाठ पडेल आपली."

ती उडी टाकून उतरली. बसमधली माणसं न सांगता खाली आली होती. त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, कुणी झाडाची डहाळी तोडून रस्त्यावर टाकली. पण अठ्ठावीस टनाला दगड किती वेळ धरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बसमध्ये अजून म्हातारी माणसं बसलेली होती.

स्कोला चाकामागे वाकली आणि तिला जोड दिसलाच नाही. त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळलेली होती. इकडे मोडलं ते ट्यूबच्या पट्टीने बांधायचं, मग खुर्चीचा पाय असो की ट्रकचा आरसा. पण नळी ऊन असतानाच कुणीतरी पट्टी आवळली होती, आणि त्या ओढीने मऊ नळी पितळेवरून अर्धी मागे सरकून वाकडीच गार झाली होती.

"हे कोणी केलं?"

वरून अंबोकिले म्हणाला, "मी. पक्कं राहावं म्हणून. साडेसात, आई."

"गाढवा!"

तिने चाकूने पट्टी कापली, नळीचं वाकडं टोक छाटलं. पुन्हा चढवायला ती मऊ करायला हवी होती आणि इथे चूल कुठली.

"चहाचा थर्मास आहे का तुझ्याकडे?"

खिडकीतून थर्मास खाली आला. तिने थर्मासच्या पेल्यात चहा ओतला आणि नळीचं टोक त्यात बुडवलं. दुधाचा, आल्याचा, भरपूर साखरेचा चहा. पेला कलंडला आणि चहा तिच्या बोटांवरून वाहिला. बसमधली एक बाई "अगंबाई, भाजलं," म्हणाली, पण स्कोलाला काहीच जाणवलं नव्हतं.

"सात."

तिने नळी वळ्यांवर ढकलली. किती आत गेली हे बोटांना कळेना. तिने वाकून, मान वाकडी करून, डोळा जवळ नेऊन वळ्या मोजल्या. एक झाकली, दोन झाकल्या. तिसरी उघडी होती. तिने तळव्याने रेटलं, पुन्हा बघितलं. झाकली.

"साडेसहा. आई, पाय थरथरतोय."

"थरथरू दे. उचलू नकोस."

नळी लवकर गार व्हावी म्हणून तिने पाण्याची बाटली जोडावर रिकामी केली आणि शंभरापर्यंत मोजलं. ते शंभर तिच्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. चाळिसाला एक दगड करकरला, माणसं ओरडून बाजूला झाली, पण ट्रक हलला नाही. शंभर झाल्यावर तिने हवा सोडायचा स्क्रू सैल केला आणि पंप मारायला घेतला. आधी नुसता फेस आला, मग फेस आणि डिझेल, मग एकसंध धार. तिने स्क्रू बंद केला.

"पाच! लाल दिवा लागला!"

"मार चावी."

इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं. ब्रेकची हवा भरू लागली. काटा वर गेल्यावर अंबोकिलेने खिडकीतून हाक मारली, "चढा आई."

पण चढणार कशी? ट्रक सुटेपर्यंत चाकांमागे दगड रेटत राहायला जाणतं कुणीतरी हवं होतं, आणि ट्रक सुटला की तो पुन्हा थांबवणं म्हणजे पुन्हा हाच खेळ. "जा तू," ती म्हणाली. "माथ्याशिवाय थांबू नकोस. बंद पडला तर उडी मार, सिमेंटचं बघू नकोस."

ट्रक गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने जोडलेली नळी तिच्याशिवाय घाट चढत होती.

दगड बाजूला करून ती बससमोर हात पसरून उभी राहिली. "तो माथ्यावर पोचेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि इंजिन बंद कर, मला ऐकू दे."

बसच्या ड्रायव्हरने ऐकलं. चाळीस माणसं रस्त्यात गप्प उभी राहिली. वरून ट्रकचा आवाज येत होता, एका वळणावर जवळ, दुसऱ्यावर लांब. स्कोलाने देवाकडे काही मागितलं नाही, तिला लाज वाटत होती. पोराला गाढव म्हणून झालं होतं, आणि कनेक्टर कोणी मोडला ते तिच्या पोटात तसंच होतं.

आवाज बंद झाला.

सगळे वरच्या वळणाकडे बघत होते, काही खाली येतंय का म्हणून. मग माथ्यावरून हॉर्न वाजला, लांबलचक, आणि बसमधल्या बायका रडायला लागल्या.

बसने तिला माथ्यावर सोडलं. अंबोकिले चाकाला टेकून बसला होता, पायात अजून कंप होता. तिने आधी जोड बघितला. कोरडा होता. मग ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"ऐक. कनेक्टर उन्हाने नाही मोडला. माझ्या बोटांना कळत नाही. कळ न दाबताच ओढलं मी, आणि तुझ्याशी खोटं बोलले."

"माहीत आहे," अंबोकिले म्हणाला. "बघितलं मी. बोटं कळीवर नव्हतीच तुमची. म्हणून तर तुम्ही जेवायला गेल्यावर पट्टी बांधली. म्हटलं, हात बरोबर चालत नाही, जोड सैल राहिला असेल."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. तोंडावर कसं म्हणू, हात गेला म्हणून?"

स्कोलाने झाकलं होतं लाजेपोटी, त्याने झाकलं होतं मानापोटी, आणि त्या दोन झाकणांखाली चाळीस माणसं चिरडायची राहिली होती. तिला रडू आलं, आणि तिने डोळे पुसले नाहीत.

आता महेंगेला मागच्या कळा शेजारचा फुंदी म्गाया दाबतो, आणि ती हे कुणालाही सांगते. घाट चढायच्या आधी ती ड्रायव्हरला समोर उभं करते आणि विचारते, "माझ्या हातून काय चुकलेलं दिसलं?" ड्रायव्हर बिचारे माना खाली घालतात, काही नाही आई, सगळं झकास म्हणतात. ती केबिनची पायरी चढत नाही. उन्हात उभी राहते, घटकाभर, दोन घटका, मागचे ट्रक हॉर्न मारत राहतात. शेवटी एखादा चाचरत म्हणतो की ती क्लिप जरा तिरकी वाटते. मग ती पाना घेऊन पुन्हा खाली शिरते.