पावणे गावच्या नाल्यावरचा लेख

वैजयंती टिपणीस लिहायला लागली ती वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत तिचे मुरांब्यावरचे, आगंतुक पाहुण्यांवरचे खुसखुशीत लेख यायचे. त्यापलीकडचं काही पाठवलं की साभार परत. पुरवणीचे संपादक देवस्थळी गोड आवाजात म्हणायचे, "तुमचा हात हलका आहे वैजयंतीबाई, जड विषय कशाला घेता?"

सत्त्याण्णव साली मात्र एका विषयाने तिची पाठच धरली. दारावर मासळी विकणारी बायजाबाई पावण्याची. एके दिवशी ती रिकामीच आली.

"नाल्याचं पानी लाल झालंय, बाय. मासली मरून वर आली हाय. सुनेचं हात तर बघवत नाय."

वैजयंती तिच्याबरोबर गेली. कारखान्याच्या भिंतीतून निघालेला पाइप पाहिला, सुनेचे सोललेले हात पाहिले. घरी येऊन एका बैठकीत लेख लिहिला, कंपनीच्या नावासकट, आणि स्वतः नेऊन देवस्थळींच्या हातात दिला.

त्यांनी तो चाळला. "नाही छापता येणार. त्यांच्या जाहिराती असतात आपल्याकडे."

"मग परत द्या."

"असू दे. बघतो."

बघतो म्हणाले, म्हणजे आशा आहे, असं मनाशी म्हणत ती घरी आली.

आठवड्याभरात, भर दुपारी, सफारी घातलेला एक हसरा गृहस्थ दारात उभा. "वहिनी, अरविंदरावांना ओळखतो मी. महाप्याला नोकरीला आहेत ना?" त्याने पाणी मागितलं, सावकाश प्यायला आणि म्हणाला, "'उकडलेल्या बटाट्यासारखी हातांची साल सुटते.' काय लिहिता हो! पण असलं कशाला लिहायचं? ईश्वरीची यंदा दहावी ना?"

हे वाक्य वैजयंतीच्या लेखातलं. ते देवस्थळींशिवाय कुणी वाचलेलं नव्हतं. तो गेल्यावर तिने कडी लावली, पुन्हा काढली, चपला पायात सरकवल्या आणि तडक लेकीच्या क्लासबाहेर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने देवस्थळींना फोन केला. "तुम्ही लेख त्यांना दाखवलात?"

"शहानिशा करावी लागते, बाई." मग आवाज गोड करून, "दिवाळीसाठी काहीतरी गोडाचं पाठवा ना."

तिने रिसीव्हर आपटला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला, अरविंदला, सगळं सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"परवा साहेबांनी बोलावलं होतं. बायकोला आवर म्हणाले."

"मग बोलला का नाहीस?"

"तू घाबरशील म्हणून."

जेवणाचं ताट बाजूला सारून ती म्हणाली, "ज्यांच्यापासून लपायचं त्यांना आपलं घर, मुलगी, नोकरी, सगळं ठाऊक आहे. आता गप्प बसून काय वाचणार आहे?"

"आणि लिहून?"

तिने आठवून आठवून लेख पुन्हा लिहिला. पाणी मागायला आलेल्या माणसाबद्दलही लिहिलं. एका संपादकाने पुरावा नाही म्हणून परत केला, दुसऱ्याने लांबीचं कारण दिलं. ठाण्याच्या एका छोट्या साप्ताहिकाने तो तिच्या नावानिशी छापला.

सरकारी माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. पाइप काही महिने बंद राहिला. अरविंदची बदली लांब पाताळगंगेला झाली. का, ते कुणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. देवस्थळींच्या पुरवणीत वैजयंतीचं नाव पुन्हा आलं नाही.

तो सफारीवाला परत फिरकला नाही. तरी वर्षभर ती ईश्वरीला क्लासला सोडायला आणि आणायला जात राहिली.

"आई, मुली हसतात गं मला," ईश्वरी वैतागून म्हणायची.

"हसू देत," वैजयंती म्हणायची आणि रस्ता ओलांडताना तिचं मनगट घट्ट धरायची.