रशियन लेखकाचं वाक्य

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आणि माझ्या पोटात काही राहतं यावर तुमचा विश्वास बसणार नाही. व्हाइटफील्डच्या एका सिग्नलला थांबलो तेव्हा गुळगुळीत होतो, सुटलो तेव्हा दाढी छातीपर्यंत आली होती, हे मी शपथेवर सांगत फिरतो. पुण्याहून इथं कानडी मुलखात येताना ट्रकभर थापाच आणल्या, असं बायको म्हणते. पण हे — हे खरं आहे.

मल्लेश्वरममध्ये आमचं वाचन मंडळ भरतं. महिन्यातून एक रविवार, माणसं पंधरा, खुर्च्या बारा. प्रत्येकानं आपल्या पाळीला आवडत्या लेखकाचं एक वाक्य आणायचं — जगण्याबद्दल, भीतीबद्दल, चांगुलपणाबद्दल. पहिल्या रांगेत चामराजपेटच्या अक्का. घराणं तीन पिढ्या इथलंच. त्या फक्त ऐकायच्या. एकदा मात्र जिन्यात त्यांनी माझ्या हाती वही दिली. "मीच लिहिलंय. स्वल्प बघा अण्णा, वाचण्याजोगं हाय का." माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, आणि मला अण्णा!

वहीत एक वाक्य होतं — 'उतू जाणाऱ्या दुधाला हाका मारून काय होतंय, उठावं लागतंय.'

पुढच्या बैठकीला माझी पाळी. सहा महिन्यांत मी पुस्तक उघडलं नव्हतं. अक्का हुबळीला लेकीकडे गेलेल्या. मी उभा राहिलो, त्या वाक्यातली बोली तेवढी पुसली, आणि ठोकून दिलं — एका रशियन लेखकाचं म्हणून. नाव असं लांबलचक रचलं की उच्चारेपर्यंत चहा निवावा. अक्कांचं नाव का नाही घेतलं? चामराजपेटच्या बाईच्या वाक्याला कोण टाळ्या देणार, असं वाटलं का? हो. तसंच वाटलं.

टाळ्या पडल्या. वही मी "फारच छान, वाचाच एकदा" म्हणत परत केली. त्या खरंच वाचतील, हे कुठं ठाऊक होतं?

दोन महिन्यांनी अक्का पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. वही उघडून वाचू लागल्या. त्या वाक्याशी आल्या आणि आमचे सेक्रेटरी हसले. "अहो अक्का, हे तर त्या रशियनाचं! ढापलंत की!" मग सगळेच हसले. वाईट हसू नव्हतं — पण हसू होतं. सेक्रेटरी माझ्याकडे वळले, "काय हो, तुम्हीच आणलं होतंत ना?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? एरवी मी एक युग म्हटलं असतं. दोन सेकंद असतील.

मी मान हलवली. हो म्हणून.

"सरी, बरं तर," अक्का म्हणाल्या. "कुठंतरी वाचलं असंल मी." वही मिटली आणि घरून आणलेल्या चकल्या सगळ्यांना वाटल्या. मला दोन जास्त.

त्यानंतर चार वर्षं त्या येत राहिल्या. पहिल्याच रांगेत. दर महिन्याला मी सांगणार होतो — दर महिन्याला दुसरंच काहीतरी रंगवून सांगितलं, आणि सगळ्यांत जास्त त्याच हसल्या.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. लेकीनं वही आणून दिली. आईनं तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं, म्हणाली. मी ते पान काढलं. वाक्याखाली वेगळ्या शाईत, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं होतं — 'रशियन लेखक. अण्णांनी सांगितले.'

पुढची सगळी पानं कोरी.

अक्का वाचायला उभ्या राहिल्या त्या रविवारी मी दुसऱ्या रांगेत होतो, अक्कांच्या अगदी मागं. मला फक्त उठायचं होतं.