मुहूर्त सांगितला आणि सूट गेली

आज अंबरनाथच्या एका शोरूममधून तडकाफडकी उठून आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

ह्यांचे गुडघे आता छोट्या गाडीत वाकत नाहीत, म्हणून उंच सीटची, भरवशाची फॅमिली कार घ्यायची आहे. सगळी चौकशी करून गाडी मीच ठरवली. आज भाव करायला बसलो. हँडलिंग चार्ज मी रद्द करून घेतला, सीट कव्हर फुकट कबूल करून घेतली.

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "पण गणेश चतुर्थीला गाडी दारात पाहिजेच हं!"

झालं! सेल्समन आरामात मागे रेलला. "मग मुश्किल आहे, मॅडम. त्या दिवशी सगळ्यांनाच डिलिव्हरी पाहिजे. डिस्काउंट नाही होणार. ॲक्सेसरीजचं पॅकेजपण घ्यावं लागेल."

"आत्ता तर कबूल केलंत!"

"तेव्हा मुहूर्त कुठे सांगितला होता?"

निर्लज्जपणाची हद्द! श्रद्धा आमची आणि तिची किंमत वसूल करणार हा?

"मग आम्ही पितृपक्षात घेऊ," मी म्हटलं. "तेव्हा इथे माश्या मारत बसाल ना?"

हे हादरले. "अगं, पितृपक्षात नवी गाडी? आई असती तर काय म्हणाली असती?"

"त्या पंधरवड्यात त्या जेवायला येणारच आहेत. पहिली चक्कर त्यांनाच मारून आणू."

बेलवलीला घरी पोचेपर्यंत हे रिक्षात गुडघे चोळत बसले होते. वाईट वाटलं, पण मी बधणार नाही.

तुमच्यापैकी कोणी पितृपक्षात गाडी घेतली आहे का? स्पष्ट सांगा, ती नीट चालते ना?