नंबरकाकूंचा हंडा

नंबरकाकूंना आम्ही फसवलं. आम्ही म्हणजे मीरा रोडच्या आमच्या इमारतीतल्या बावीस बिऱ्हाडांनी, आणि त्यात मीही आलो. बिल्डरने चोवीस तास पाणी सांगून आम्हाला फसवलं, टँकरवाल्याने अर्धी टाकी आणून फसवलं, त्यावर आम्ही वर्षानुवर्षं तोंड वाजवलं. काकूंबद्दल कोणी बोलत नाही. मी भाव करून पोट भरलेला माणूस. माझा आवाज लगेच चढतो, पण आता तो चढवायचाही कंटाळा येतो. म्हणून लिहून टाकतो.

नव्वदच्या आसपास नया नगरच्या पुढे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. तळमजल्यावर माझं नळ-पाईपच्या सामानाचं दुकान, आणि वरच्या एकाही नळाला पाणी नाही. रोज सकाळी टँकर यायचा. कोणाचा हंडा पुढे सरकला यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात असायच्या. तिसऱ्या मजल्यावर काकू राहायला आल्या आणि दोन आठवड्यांत भांडणं थांबली. काकूंना प्रत्येक हंडा पोच्यावरून ओळखता यायचा. गळ्याशी दबलेला देसायांचा, बुडाला दोन पोचे असलेला शहांचा. पाठ करून उभ्या असल्या तरी हंडा जमिनीवर टेकल्याच्या आवाजावरून सांगायच्या, "मागे घे गं, तुझा नववा." कागद नाही, खडूची खूण नाही. बावीस घरांची रांग त्यांच्या डोक्यात असायची, आणि काल जो पहिला तो आज शेवटून कितवा, हेही.

मी एकदा त्यांच्याशी भाव करून पाहिला. "काकू, आज माल यायचाय, मला पहिला घ्या. उद्या दोन नंबर मागे जातो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दुकानदारा, भाव तुझ्या दुकानात. इथे नंबर." मी चिडलो, माझ्या स्वभावाप्रमाणे वाटेल ते बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "संपलं? तुझा अकरावा." स्वतःचा हंडा मात्र त्या रोज शेवटी लावायच्या. कधीकधी त्यात वीतभरच पाणी पडायचं. त्यावर काका कुरकुरले, की म्हणायच्या, "वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं असतं."

टँकरचा पाईप मांडीएवढा जाड, आणि त्याच्या तोंडाला लोखंडी कडं. दोघांनी तो घट्ट धरायचा, काकूंनी "धरला!" असं ओरडायचं, मगच ड्रायव्हरने टाकीच्या नळाची चावी फिरवायची. ही पद्धत त्यांचीच. त्या दिवशी ती मोडली, ती माझ्यामुळे. मी ड्रायव्हरशी हुज्जत घालत होतो. टाकीवर पाईपचा तुकडा वाजवून दाखवत होतो, की बघ, वरून पोकळ वाजतेय, अर्धीच भरून आणलीस. तो म्हणाला, "सेठ, रोज का झिकझिक! पानी चाहिए या भाषण?" मी त्याच्या आईचं नाव घेतलं. त्याने रागाच्या भरात कोणी काही म्हणायच्या आत चावी फिरवली. पाईप सापासारखा उसळला आणि ते लोखंडी कडं काकूंच्या कानामागे बसलं.

त्या खाली बसल्या. डोळे उघडे होते, पण क्षणभर कोणाकडेच बघत नव्हते. मग उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "रक्त नाही ना? मग बघताय काय, पाणी सांडतंय. हंडे लावा." आणि आम्ही हंडे लावले. बावीसच्या बावीस. हे मला आजही गिळता येत नाही. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी आपला हंडा त्याच डोक्यावर घेतला आणि तीन मजले चढल्या. मी दुकानाच्या दारातून बघत होतो. मी हंडा हातात घेतला नाही, कारण माझा ड्रायव्हरवरचा राग अजून संपला नव्हता.

संध्याकाळी त्यांना उलट्या झाल्या. स्टेशनजवळच्या डॉक्टरने कानामागे हात लावून पाहिलं, वय विचारलं, म्हणाला, "कमजोरी आहे. या वयात बायकांना होतंच." एक इंजेक्शन, एक टॉनिक. रक्त नाही म्हणजे मार नाही, हे आम्हा सगळ्यांचंच गणित. त्याच उन्हाळ्यात आमच्या सेक्रेटरींची स्कूटर वरसाव्याजवळ घसरली. डोकं आपटलं, रक्त त्यांनाही नव्हतं. पण त्यांना तडक टॅक्सीत घालून मुंबईला नेलं, डोक्याचा फोटो काढला, तीन आठवडे अंथरुणातून उठू दिलं नाही. त्यांचे हंडे आम्ही पाळीपाळीने वर पोचवले. काकू तिसऱ्या दिवशी रांगेपाशी उभ्या होत्या.

पुढे त्यांचं सगळं जरा जरा सरकत गेलं. ऊन सहन होईना, दुपारी खिडकीला चादर लावून बसायच्या. दूध करपलं तरी वास येईना. शेजारीण धावत यायची. ज्या कधी आवाज चढवत नव्हत्या त्या भांडी आपटू लागल्या. मी एकदा विचारलं, "काकू, बरं आहे ना?" म्हणाल्या, "डोक्यात सारखा टँकर सुरू आहे रे, दुकानदारा. कोणी चावी बंद करत नाही." मी हसलो. मला तो विनोद वाटला.

मग रांग चुकायला लागली. देसायांचा हंडा शहांचा म्हणून पुढे घेतला. एकीला लागोपाठ दोनदा पहिला नंबर दिला. बायका कुजबुजू लागल्या, "तिच्याशी गट्टी झालीय. वशिला सुरू झाला." काकू ऐकायच्या आणि पुन्हा पुन्हा हंड्यांवरून हात फिरवायच्या, पोचे चाचपडायच्या, पुन्हा चुकायच्या. गच्चीवर मीटिंग भरली. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, 'पक्षपात केल्यामुळे सदर बाईंना पाण्याच्या व्यवस्थेतून काढण्यात येत आहे.' खाली सह्या झाल्या. काकांनी सही न करता दोन्ही हातांनी पेन परत केलं. काकू म्हणाल्या, "चुकले असेन मी. पण खाल्लं नाही कोणाचं." मी सही केली. माझा नंबर दोनदा मागे गेला होता, त्याचा राग होता.

वर्षभराने त्यांनी जागा विकली आणि कोकणात काकांच्या भावाकडे जायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढत होतं. सगळ्यात शेवटी काकांनी हंडा आणला, तोच, कडेला चपटा पोचा असलेला, जो काकू रोज रांगेच्या टोकाला ठेवायच्या. काकूंनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला, पोच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे दिला. "दुकानदारा, हा आपला नाही. इथला कोणाचा तरी राहिलाय. ज्याचा असेल त्याला दे हं. दुसऱ्याची वस्तू घेऊन जाऊ नये." काका काही बोलणार होते. मग त्यांनी मान फिरवली आणि टेम्पोत बसले. मी हंडा दुकानाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. पुढच्या पावसाळ्यानंतर काकांचं कार्ड आलं. काकू झोपेतच गेल्या होत्या.

चार-पाच वर्षांनी आमच्या गल्लीत एका डॉक्टरबाईंनी दवाखाना थाटला. बेसिनचा नळ घ्यायला दुकानात आल्या, तर त्यांनी कोपऱ्यातल्या हंड्याबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग एकेक विचारत गेल्या. "उजेड सोसायचा नाही? वास गेला होता? स्वभाव बदलला?" मी हो म्हणत गेलो. "रक्त बाहेर आलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं हो. मेंदू कवटीच्या आत आपटतो. त्यांना अंधारात पडून राहायला हवं होतं, डोक्यावर ओझं तर नकोच. आणि नीट तपासणी." मी विचारलं, "मग तेव्हा कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?" त्या थकल्यासारख्या हसल्या. "बाईचं डोकं दुखलं की आधी कमजोरी, मग वय, मग स्वभाव. मार शेवटी आठवतो. आमच्याकडे रोज येतात अशा." नळाचा भाव त्यांनी केला नाही. मीही केला नाही.

आता आमच्याकडे नळाला पाणी आहे. हंडा मी विकला नाही, भंगारवाल्याने दोनदा मागितला तरी. पण ती मीटिंगची वही सोसायटीच्या कपाटात आहे, आणि त्यात 'पक्षपात' हा शब्द अजून तसाच आहे. काकूंनी आपला स्वतःचा हंडासुद्धा परक्याचा समजून परत केला, आणि वहीत त्या लबाड आहेत. टँकर कुठला होता, ड्रायव्हर कुठे गेला, मला माहीत नाही. स्टेशनजवळच्या त्या डॉक्टरचा दवाखाना अजून चालतो. सेक्रेटरी अजून सेक्रेटरी आहेत. मी त्यांच्याकडे तीनदा गेलो, म्हणालो, वही काढा, तो शब्द खोडा, खाली खरं काय झालं ते लिहा. ते म्हणतात, "जाऊ दे ना आता, झाली किती वर्षं."

नाही जाऊ देणार. माझी सही सातवी आहे, आणि चावी माझ्यामुळे फिरली, हे मी इथे लिहून दिलं. सेक्रेटरीसाहेब, तुमचंही डोकं आपटलं होतं. तुमचे हंडे आम्ही वाहिले. मग काकूंचा हंडा त्यांच्याच डोक्यावर का गेला, याचं उत्तर तुम्ही द्यायचं. वही घेऊन खाली या. मी दुकानातच आहे.