पगारी मदतनीस, पण बायको नको

त्या बाईची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. त्यातला निम्मा राग माझ्यावरच असतो.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी ओमानमध्ये, सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चौकशी अधिकारी म्हणून काही वर्षं काढली. तिथला एक फिटर, आपल्या राजापूरकडचा, उंचावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. कंपनीने त्याला खोली दिली आणि सांभाळायला पगारी मदतनीस. मदतनिसाच्या पात्रतेचा नियम स्पष्ट होता: रुग्णसेवेचं प्रमाणपत्र हवं आणि नात्यातलं कोणी नको.

एका सकाळी मदतनीस पुरवणारा कंत्राटदार माझ्याकडे आला. "सर, वो जो बाई रखी है ना, पेशंट की घरवाली है. चेक करो."

त्याचा माणूस काढून ही बाई नेमली होती, त्यामुळे त्याच्या पोटात का दुखतंय ते मला कळत होतं. पण खबऱ्या आवडत नाही म्हणून खबर टाकून द्यायची नसते. मी कागद काढले. पासपोर्टवर आडनाव वेगळं. प्रमाणपत्र रत्नागिरीतल्या सहा महिन्यांच्या कोर्सचं, आणि अगदी खरं. अर्जात 'रुग्णाशी नातं' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेलं.

मी खोलीवर गेलो. तिने फिटरला अलगद कुशीवर वळवून पाठ दाखवली. आधीच्या माणसाच्या वेळचे फोटो फायलीत होते. तेव्हा माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती. आता तिथे नवी कातडी आली होती. औषधं, त्यांच्या वेळा, सगळं तिने हिंदीत घडाघडा सांगितलं. मी जबाब लिहायला घेतला.

"पेशंट का पूरा नाम बताओ."

ती गप्प. पुन्हा विचारलं, तेव्हा तिने खाटेला टांगलेलं कार्ड काढून मुकाट्याने माझ्यापुढे धरलं.

कोकणातल्या बायकांचे जबाब मी आयुष्यभर लिहिले होते. पगारी बाई पेशंटचं नाव घ्यायला अडत नाही. मी मराठीत विचारलं, "वहिनी, लग्नाला किती वर्षं झाली?"

"सहा," ती म्हणाली आणि मग थांबलीच नाही. "पासपोर्ट लग्नाआधीचा, म्हणून आले. यांच्या पगारावर बायकोला व्हिसा देत नाय. त्या माणसान यांची कूस कधी बदलली नाय, तरी त्याला पगार. मी कोर्स करून आले, दर दोन तासांनी उठते. परक्यान केलं तर नोकरी, नि मी केलं तर चोरी, साहेब?"

फिटर भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी तिचं बोलणं जबाबात जसंच्या तसं उतरवलं.

मी दोन पानी अहवाल दिला. पहिल्या पानावर, ती पत्नी असल्याचं सिद्ध होतं. दुसऱ्यावर पाठीच्या जखमेची आधीची आणि आताची स्थिती, आणि तिला राहू द्यावं अशी शिफारस. मॅनेजर आपलाच, मराठी माणूस. त्याने पहिलं पान वाचलं आणि दुसरं उलटं ठेवलं. "अहो, घरची माणसं करतातच की! त्याचा पगार कशाला? रूल म्हणजे रूल. खलास."

तिचा व्हिसा रद्द झाला. ज्याच्या माणसाने रुग्णाची पाठ कुजवली, त्याच कंत्राटदाराला काम परत मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि फाशीचा कागद माझ्या अक्षरात होता.

कोण खोटं बोललं हे शोधणं सोपं असतं. खोटं बोलायची पाळी कोणी आणली, हे पहिल्या पानावर लिहायला हवं. साहेब लोक दुसरं पान वाचत नाहीत. मला हे कळायला निवृत्ती उलटून जावी लागली.

विमानाच्या दिवशी मी तिला न्यायला गेलो, तेव्हा ती कंत्राटदाराच्या नव्या माणसाला शिकवत होती: टाचेखाली उशी कशी द्यायची, चादरीची चुणी का राहू द्यायची नाही, कूस किती वाजता बदलायची. दोन तास शिकवलं तिने. त्या दोन तासांत तिची पात्रता कोणी विचारली नाही. त्या तासांचा पगार कोणाला द्यायचाच नव्हता.