फुलीचं ताट

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी बाजारहत्नूरहून पुतण्याचा फोन आला. "आत्या, माय गेली..." एवढंच म्हणाला. मी आदिलाबादला लेकाकडे राहते, वयाची ऐंशी ओलांडली आहे, अशा फोनची सवय व्हायला हवी. होत नाही. त्याची माय म्हणजे माझी सरूवैनी, थोरल्या भावाची बायको. गेल्या दिवाळीत भेटली तेव्हा माझ्या नातीनं तिचे तुकतुकीत हात पाहून विचारलं होतं, कोणतं क्रीम लावता? वैनी म्हणाली, "क्रीम कायचं वं? वरन खाय. पोटभर खाय." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या हातांची एके काळची दशा मी पाहिली होती.

छप्पन साली आमचा जिल्हा आंध्रात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वैनीचं माहेर किनवटकडचं. ते मुंबई राज्यात गेलं आणि सासर इकडे राहिलं. दादाचं शिक्षण उर्दूतलं, कचेरीत तेलुगू कागद येऊ लागले म्हणून तो चिडचिडा झालेला. त्यात वैनीच्या गळ्याभोवती काळा पट्टा उठला. उघडे राहणारे हात-पाय काळे पडून भेगाळले, पापुद्रे निघू लागले. जीभ लाल झाली, तिखट तोंडात घेववेना. मुळात हसरी पोरगी, ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. विहिरीवरच्या बाया कुजबुजल्या... महारोग. मी तेव्हा बारा वर्षांची, अक्कल कमी आणि तोंड मोठं. तो शब्द घरी घेऊन आले ती मीच. माझ्या मायनं वैनीचं जेवण पडवीत वेगळं काढलं. तिचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट आपल्या ताटांत मिसळू नये म्हणून मी खिळा घेतला आणि काठावर फुली कोरली. कोणी सांगितलं नव्हतं. आपण फार शहाणपणाचं काम केलं, असंच वाटलं होतं.

मायनं ठरवलं, हिला माहेरी पोचवायचं. ते पोचवणं कायमचं असतं, हे वैनीला कळत होतं. "मी काय केलं जी?" एवढंच ती दादाला म्हणाली. दादाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं बैलगाडी किनवटच्या वाटेला न नेता आदिलाबादच्या दवाखान्याकडे वळवली.

परत आला तेव्हा वैनी गाडीत होती. दादानं मायला ओट्यावर बसवलं. "डॉक्टरनं विचारलं, काय खाते? मी सांगतलं, ज्वारीची भाकर. तिच्यासंगं काय? म्या म्हनलं, वरन असते घरात. तं थो म्हने, घरात असते, हिच्या ताटात असते का?"

 आमच्याकडे पुरुष आधी, मग पोरं, मग सासू, शेवटी सून. वरण शेवटपर्यंत पुरत नसे. दोन वर्षं वैनी भाकर आणि मिरचीचा ठेचा खात होती आणि आम्ही कोणी तिच्या ताटात डोकावलो नव्हतो. ज्वारीचा दोष नाही, ती खाऊनच आम्ही वाढलो. दोष तिच्या जोडीला वरणासारखं काहीच नव्हतं याचा. त्या रोगाला पेलाग्रा म्हणतात, तो कोणाचा कोणाला लागत नाही, हे मला फार पुढे कळलं.

गोळ्या होत्याच, पण त्याच संध्याकाळी मायनं फुलीचं ताट पडवीतून आत आणलं आणि घट्ट वरण आधी त्यात वाढलं. मग दूध, शेंगदाणे सुरू झाले. काही आठवड्यांत वैनीची काळी कातडी गळून नवी आली, हसूही परतलं. पुढे घर तिच्या हातात आल्यावर तिनं नेमच केला, घरात जी सून नवी असेल तिला फुलीच्या ताटात सर्वांआधी वाढायचं. सासरे ताटकळले तरी चालतील.

मी मात्र कबुली दिली नाही. दिवाळीत धीर करून म्हटलं, "वैनी, त्या ताटावरची फुली..." तिनं बोलूच दिलं नाही. "जेवा आंधी. वरन थंड होऊन राह्यलं."

तेरवीला गेले. वैनीची नातसून सुषमा त्याच ताटात मला वाढायला आली. मी म्हटलं, हे नको गं, दुसरं आण.

"काऊन, आत्याआजी? तुमचंच तं हाय हे. आजी सांगे, ही फुली आमच्या कमळाबाईनं कोरली, माहं ताट कोनी घेऊ नये म्हनून. लाहान होती, पन माही लय काळजी होती तिले."

वैनीला खरं माहीत होतं की नाही, आता कोणाला विचारू? मला रडू आवरेना. तरी बसून राहिले आणि ताटातलं वरण संपवलं. वैनीच्या घरात वरण टाकून उठायची पद्धत नाही.